पायाळू

आधी पायातलं काढा. चप्पल असो की बूट, पुढची सगळी वाट चिखलाची आहे, आणि सावली गावचा श्रावणातला चिखल एकदा गिळलेली वस्तू परत देत नाही. मोबाइल कनवटीला राहू द्या हवा तर, पण त्याच्याकडे बघू नका. साल १९३६ आहे. उजेड म्हणाल तर पुढ्यात एक कंदील आहे, काच निम्मी काजळलेली. तो धरून चालणारा पोरगा तुमच्यापेक्षा जास्त घाबरलाय. त्याच्या वहिनीला कालपासून कळा येताहेत.

दोन अटी आहेत. पहिली, वाचक पुरुष असेल तर आजच्या रात्रीपुरतं त्यानं बाई व्हायचं. इलाजच नाही. आपण जातोय त्या खोलीत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही, मुलाच्या बापालासुद्धा नाही. तेव्हा हे लुगडं नेसा. सावलीचंच सूत आहे, जाडंभरडं. कोरडं असतानाच वजनदार, भिजलं की खांद्यावर वासरू घेऊन चालल्यासारखं वाटतं. पोटऱ्यांच्या वर खोचा. कोणी विचारलं तर तुम्ही घरच्या म्हातारीच्या नात्यातल्या, व्याहाडच्या. वैनगंगेकडचं गाव आहे ते, पुराच्या दिवसांत तिकडचं कोणीही इकडे अडकून पडू शकतं.

दुसरी अट जरा जाचक आहे. तुम्ही पुढच्या शतकातून येताय, तुम्हाला बरंच काही ठाऊक आहे. सांगावं, अडवावं, ओरडावं असं रात्रभर वाटत राहील. त्यातली एकच गोष्ट करायची मुभा आहे. एकच. जपून वापरा.

चला. पाऊस आत्ताच उघडलाय. उघडलाय तो आभाळातून. झाडांवरून, कवेलूंवरून, तुमच्या डोक्यावरच्या पानांच्या इरल्यावरून तो अजून गळतोच आहे. बेडकांचा असा कल्ला आहे की शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. गावाभोवती चहूकडे धानाच्या बांध्या आणि त्यांत पोटरीएवढं पाणी. रोवणा चाललाय. ज्या घरी निघालोय तिथली सूनही काल दुपारपर्यंत त्या पाण्यात वाकलेली होती, नववा महिना भरत आलेला असताना. पहिली कळ आली तेव्हा तिनं हातातली पऱ्ह्यांची जुडी आधी रोवून संपवली आणि मगच बांधावर टेकली.

अंधारात दिसत नाही, पण हे गाव सध्या नावाजलेलं आहे बरं का. पाच-सहा महिन्यांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, गांधी सेवा संघाचं संमेलन इथं भरलं आणि गांधीजी इथं येऊन राहिले. सावली खादीचं केंद्र. घरोघर बायका सूत काढतात, आणि गेल्याच वर्षी चरखा संघानं ठरवलं की कातणारीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. गांधीजी येणार म्हटल्यावर गल्ल्या झाडल्या गेल्या असणारच. आता पायाखाली काय आहे ते विचारू नका. निम्मं शेण आहे, एवढंच सांगते.

आलं घर. पुढच्या दारानं नाही, मागून यायचं, कोठ्यातून. ओल्या जनावरांचा ऊबदार, आंबूस वास नाकात शिरतो, मागोमाग गोमूत्राची झणझण, आणि या सगळ्यावर तरंगणारा एक गोडसर, डोक्यात जाणारा वास. तो मोहाचा. पुढं सपरीत बाप्ये बसलेत आणि त्यांच्यात तुंबा फिरतोय.

वाका. अजून वाका. लागलं ना कपाळाला? सगळ्यांनाच लागतं.

आत पाऊल टाकलं की गरम हवा तोंडावर येऊन बसते. बाहेर श्रावण, आत वैशाख. एक झरोका होता, त्यात चिंध्या कोंबल्यात, कारण बाळंतिणीला वारा लागता कामा नये. कोपऱ्यात निखारे, निखाऱ्यांवर कडुनिंबाचा पाला. डोळे चुरचुरतात, पाणी येतं. पुसत बसू नका, सगळ्यांच्याच येतंय. पाच बायका, एक दिवा, भिंतीला उभी टेकवलेली बाज, आणि मधोमध आढ्याला बांधलेला दोर. तो दोन्ही हातांनी धरून ती उकिडवी बसली आहे. वीसच्या आतली असेल. लुगडं गुडघ्यांवर, ओठ फुटलेले.

"आली का वो? ये. मांगून धर तिले."

हे तुम्हाला. बसा तिच्या पाठीशी, गुडघे फाकून, तिच्या काखांतून हात घाला. आता तिचा सगळा भार तुमच्या छातीवर आला. केसांना जवसाच्या तेलाचा वास, अंगाला घामाचा आणि चिखलाचा. कळ येते तेव्हा तिची पाठ आधी लाकूड होते, मग थरथरते, मग पुन्हा माणसाची होते. रात्रभर हेच मोजायचंय तुम्हाला. ती मान मागं टाकून तुमच्या कानाशी पुटपुटते, "पानी." सासू तिकडून म्हणते, "आता नाही, मंग." तांब्या तुमच्या हाताच्या अंतरावर आहे. पण थांबा, मुभा एकच आहे. रात्र मोठी आहे.

तिची ही दुसरी खेप. पहिला मुलगा झाला होता. चार-पाच दिवस बरा होता, मग त्याचं तोंड मिटलं ते उघडेना, दूध ओढता येईना, अंगाची कमान व्हायला लागली. आठव्या दिवशी गेला. घरात याला 'बाहेरचं' म्हणतात. तुम्हाला त्याचं खरं नाव ठाऊक आहे, गप्प बसा. आनंदीबाई जोशींचंही मूल दहाच दिवस जगलं होतं. पुढे १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. या पोरीला अमेरिका राहू द्या, चांदाही, म्हणजे तुमचं चंद्रपूर, पाहायला मिळालेलं नाही.

आता जरा गंमत बघा. सासू उठते आणि घरभर फिरून सगळं उघडत सुटते. पेटीचं कुलूप, मडक्यांवरची झाकणं, धानाच्या ढोलीचं तोंड. कोठ्यातल्या गाईचं दावं सैल होतं. मग पाळी बायकांची: अंबाडे सोडा, चोळीच्या गाठी सोडा. घरात काही बांधलेलं राहिलं तर बाईचं अंग मोकळं कसं होणार? तुमच्या पदराची गाठही सोडा. मोबाइल तेवढा सांभाळा.

हसू येतंय? मलाही यायचं. पण एक पाहा. ही म्हातारी गेला अर्धा तास त्या पोरीच्या अंगाशी आलेली नाही. अडलेल्या बाळंतपणात पुष्कळदा घात बघ्यांच्या हातांनी होतो. कोणी पोट दाबतं, कोणी ओढायला बघतं, कोणी अजून वेळ झालेली नसताना "जोर कर" म्हणून तिचा दम संपवतं. ज्या कोणी पहिल्यांदा त्यांना कुलपं उघडायला धाडलं, तिच्या अकलेला माझा नमस्कार.

"दाईमाय आली वो!"

ती वाकून आत येते, म्हणजे मुळातच वाकलेली आहे. गावकुसाबाहेरची. या भागात बहुतेक गावांत हे काम मांग-महारांच्या घरांतल्या बायकांकडेच असतं. उद्या ती विहिरीशी आली तर हीच सासू आपली घागर उचलून बाजूला होईल. आत्ता "ये वो माय, लवकर ये" म्हणत तिला वाट करून देतेय. दाईमाय कोणाकडे बघत नाही. हातातल्या बांगड्या काढून झरोक्यात ठेवते, हात पदराला पुसते आणि जवसाच्या तेलात बुडवते.

पदराला! तुमचे डोळे मोठे झाले. जंतू मारण्याच्या जरा तरी जवळ जाणारी मोहाची दारू सपरीत आहे, आणि ती भलत्याच ठिकाणी ओतली जातेय. तरीपण नाक वर करू नका. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा, आणि बाळंतज्वरानं बायका जास्त मरायच्या त्या डॉक्टरांच्या विभागात. मुडदे चिरून ते तसेच उठून बाळंतिणीकडे यायचे. सेमेलवाइसनं १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, तर त्याच्याच पेशातल्या लोकांनी त्याला उडवून लावलं. आपली दाईमाय निदान मुडद्यांकडून आलेली नाही.

आता तिचे हात बघा. तोंड बंद, हात बोलताहेत. आधी पापणी खाली ओढून बघते. मग नखं. "रगत नाही पोरीत," ती म्हणते. कुठून असणार? दर पावसाळ्याचा हिवताप आहे, आणि सातव्या महिन्यापासून सासूनं ताटातला भात कमी केलाय. वाईट मनानं नव्हे. पोट भरून जेवलं की मूल मोठं होतं आणि मोठं मूल अडतं, असा इथला हिशेब आहे. दाईमायचे तळवे पोटावर येतात. वर, बरगड्यांखाली, ती थांबते. तिथं काहीतरी कडक, गोल, नारळासारखं हलतंय. जे खाली असायला हवं ते वर आहे.

"आठव्यात फिरवलं होतं मी याले. परतून आलं."

हे वाक्य नीट ऐका. म्हणजे तिला महिन्यापूर्वीच कळलं होतं. तेल लावून, दोन्ही हातांनी, हलक्या हातानं तिनं ते मूल पोटातल्या पोटात फिरवून डोक्यावर आणलं होतं. शिकलेले डॉक्टरही हेच करतात. कधी मूल राहतं, कधी परततं. हे परतलं.

पाणी दिवा लावायच्या वेळी गेलं, असं तिला सांगतात. ती हात आत घालते, डोळे मिटते आणि चाचपते. डोळे मिटल्यावर तिला जास्त दिसत असावं.

"टाच आहे वो."

"पायारू!" कोणीतरी म्हणतं. या झाडीपट्टीच्या बोलीत ळ टिकत नाही, त्याचा र होतो. बाळ बार होतं, डोळा डोरा. पायारू म्हणजे आपलं पायाळू. खोलीत भीती आणि कौतुक दोन्ही एकदम पसरतं. पायाळूची लाथ कमरेत बसली की उसण जाते. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं. आणि पायाळूवर वीज पडते. नेमकं तेव्हाच बाहेर आभाळ कडाडतं आणि पाचही बायका कवेलूंकडे बघतात. खरं सांगा, तुम्हीही बघितलंत ना?

दाराबाहेरून नवऱ्याचा आवाज येतो. "खाचर जुपू का, दाईमाय?"

आता एक गाव तुमच्या डोळ्यांसमोर येतं, आणि दाईमायच्याही: चांदा. तिथं सरकारी दवाखाना आहे. वाट अशी: इथून मूलपर्यंत चार-पाच कोस जंगल, अंधारात, वाघाच्या मुलखातून, नाल्याला पाणी. तिथून अरुंद रुळांची छोटी गाडी, ती येईल तेव्हा. आणि पोचली तरी काय? याच १९३६ साली लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात प्रॉन्टोसिल नावाचं एक लाल औषध देऊन बाळंतज्वराच्या बायका वाचवून दाखवल्या गेल्यात. सावलीच्या चिखलापर्यंत ते यायला अजून पुष्कळ पावसाळे जायचेत. पलीकडे गडचिरोली जवळ वाटते, पण मधे वैनगंगा आहे, आणि श्रावणातल्या वैनगंगेत ढिवरसुद्धा रात्री डोंगा घालत नाही.

दाईमाय पावसाचा अंदाज घेते. मग म्हणते, "आठ दिवसांपैले नेली असती तं गेली असती. आता वाटेवरच होईल."

आठ दिवस आधी नेणं. बस, एवढीच कल्पना. दिवस भरत आलेल्या बाईनं दवाखान्याजवळ येऊन राहायचं, म्हणजे नदी-नाला कळांच्या आधीच ओलांडून होतो. या कल्पनेची सरकारी योजना होऊन महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत 'माहेरघर' या नावानं यायला सुमारे पाऊणशे वर्षं लागली. नाव मात्र छान सुचलं कोणाला तरी.

आता थांबायचं आहे. तुमचे पाय मुंग्या येऊन मेलेत, पाठ निखाऱ्यांकडे भाजतेय आणि पोट तिच्या घामानं ओलं झालंय. कळा येतात, जातात. दाईमाय काही करत नाही. सासू तीनदा म्हणाली, "पाय दिसते, वढ ना." तिन्ही वेळा एकच उत्तर: "वढाचं नाही. येते थे आपल्यानं." मघाशी तिनं बोट पाण्यात बुडवून पोरीच्या ओठांना लावलं, मग तांब्याच तोंडाशी धरला. सासू बघत राहिली, बोलली नाही. बघा, तुमची मुभा वाचली.

बसल्या बसल्या एक हिशेब सांगते. पलीकडच्या तीरावर, गडचिरोलीत, राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७७२ बाळंतिणींवर घरोघरी नजर ठेवली. दवाखान्यात आलेल्यांवर नव्हे, घरी बाळंत होणाऱ्यांवर. निम्म्याहून जास्त बायकांना, ५२.६ टक्क्यांना, कळांच्या वेळी किंवा नंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झाला होता. तातडीचा दवाखाना लागावा अशा सुमारे १५ टक्के. म्हणजे सहासात बायकांमागं एक. आणि हे आजच्या रात्रीनंतर साठ वर्षांनी, रस्ते आणि मोटारी आल्यावर. या खोलीत तुम्हाला धरून सहा बायका आणि दाईमाय आहेत. कोण कोण कशातून गेलीय ते विचारू नका, सांगायला लागल्या तर उजाडेल.

कळ. ही वेगळी आहे. तिच्या गळ्यातून आवाज निघतो तो रडण्याचा नाही, मोट ओढताना बैल काढतो तसा आहे.

"आता, माय. आता जोर कर."

दोर करकरतो. एक पाय येतो, मग दुसरा, निळसर, ओले, बेडकासारखे. मग कुल्ले. मुलगी आहे. कोणी बोलत नाही. बेंबीपर्यंत आली. दाईमाय नाळेचं वेटोळं बोटानं अलगद सैल करते, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा त्या इवल्या कमरेला गुंडाळते आणि पुन्हा हात काढून घेते. अर्धं मूल लोंबतंय आणि ती हात काढून घेते! तुमच्या अंगात एकच इच्छा उसळते: ओढा कोणीतरी. तिथंच फसतं सगळं. ओढलं की मुलाचे हात डोक्यावर जातात, हनुवटी वर होते आणि डोकं अडकतं. भारानं येऊ दिलं तर हनुवटी छातीशी राहते. मोठ्या रुग्णालयांत नव्या डॉक्टरांना आजही हेच बजावतात. हात आवरणं शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो म्हणे.

एक हात आला. दुसरा. आता फक्त डोकं आत.

आणि कळ थांबते.

हे जे आत्ता मोजायचं आहे ते मिनिटांत आहे, तीही फार नाहीत. नाळ दाबली जातेय. दाईमाय मुलीचं धड आपल्या हातावर घोड्यावर बसवावं तसं बसवते, एक बोट आत मुलीच्या तोंडाशी नेते, हनुवटी खाली राहावी म्हणून. मग न बघता बोलते.

"मांगची, तुहा हात. खाली, हाडाच्या वर. दाब. जोरानं नाही, भारानं."

हे तुम्हाला. दोन्ही तळवे तिच्या ओटीपोटावर ठेवा. सापडलं? कातडीखाली तो नारळ. भार द्या. कणीक मळताना देता तसा, हळूहळू. तुमच्या तळव्याखाली काहीतरी सरकतं. अजून. आणि एकदम हाताखाली काहीच उरत नाही, नुसतं मऊ पोट.

मुलगी दाईमायच्या मांडीवर आहे. पांढरी, ढिली. रडत नाही. सासू काशाची थाळी घेऊन बडवायला लागते, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतं, सगळ्या एकदम बोलतात. दाईमाय पाठ चोळतेय, तळवे टिचकतेय. "नार कापू का?" कोणी विचारतं. "नाही. नारेत जीव आहे अजून." तिनं नाळ दोन बोटांत धरली आहे आणि ती नाळ उडतेय, मनगटासारखी. थाळी वाजतेय. कांद्यानं तुमच्याच नाकातून पाणी आलं.

मग एक शिंक. कांद्याची असावी. मागोमाग मांजराच्या पिलासारखा आवाज. मग खरं रडू, संतापाचं.

आपलं काम झालं असं वाटून तुम्ही मागं टेकता. टेकू नका. तुमच्या पायांखालचं गवत गरम, ओलं होतंय. वार पडलेली नाही आणि रक्त जातंय, आणि ही पोर आधीच पांढरी आहे. तिची मान तुमच्या खांद्यावर जड व्हायला लागते. दाईमायचा चेहरा पहिल्यांदाच बदलतो. ती पोट मळायला लागते, गोल गोल, घट्ट. मग पोरीची स्वतःचीच वेणी उचलून तिच्या तोंडात कोंबते. पोरीला उमासा येतो, दुसरा येतो, पोट आवळतं. रानटी वाटतं ना? पण उमाशानं पोटात जो जोर येतो तो या थकलेल्या पोरीला मागून आता मिळणार नव्हता. तिसऱ्या उमाशाला वार पडते. दाईमाय ती दिव्याखाली धरून उलटसुलट बघते, कुठं तुकडा राहिला का. पोट पुन्हा मळते. कडक झालं. रक्त थांबतंय. नुसतं ठिबकतंय.

मूल आता छातीशी धरलं तर पोट अजून आवळेल, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथं तीन दिवस गुळाचं पाणी. तोंड उघडू नका. कारण चुलीवर अंघोळीचं पाणी खळखळतंय आणि सासू विळा आणायला निघालीय.

तो बघा, कोठ्याच्या खांबाला खोचलेला. काल गवत कापलं त्याच्यानं. मागच्या खेपेलाही तोच. त्याच्या मुठीला सूत गुंडाळलंय, नाळ बांधायला, सावलीचंच, चरख्यावरचं. सासूच्या आधी तुम्ही उठता. पाय मेलेले आहेत, धडपडता, कोणाच्या तरी अंगावर पडता. आणि विळा सुतासकट उकळत्या हंडीत सोडून देता.

"विरा कुठी गेला वो?" सासू शोधतेय. खांब बघते, पडवी बघते, कंदीलवाल्या पोराला शिव्या घालते. शोधू द्या. जितका वेळ शोधेल तितकं बरं.

नाळ कापली गेली. वर चिमूटभर राख लागली. त्याला तुमच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

उजाडतंय. बेडूक दमलेत, कोंबडे लागलेत. पोरगी बाजेवर झोपलीय, बाजेखाली निखारे. कपाळाला हात लावून बघा. ऊन लागतंय थोडं. ते शेकाचं की तापाचं, दोन दिवसांत कळेल, पण तोवर आपण नसू. पाचव्या रात्री सटवाई येऊन मुलीच्या कपाळावर लिहून जाईल, तेव्हाही नसू.

दाईमाय कोठ्याच्या दाराशी उभी आहे. आता ती आत नाही. सासू सूपभर धान घेऊन येते. मघाशी हिच्याच हातात हात घालून रडली होती; आता दोन हात लांब थांबते. दाईमाय पदर पसरते, सासू सूप उंच धरते आणि धान वरून सोडते. थोडं चिखलात सांडतं. दाईमाय वाकून तेही वेचते. मग पदराला गाठ मारते. रात्रभर सोडलेल्या गाठींनंतरची या घरातली पहिली गाठ. पाठीमागं सासू गोमूत्र शिंपडायला लागलेली आहे, दाईमाय बसली होती तिथून सुरुवात करून.

तुमची वाट आणि तिची वाट थोडी एकच आहे, बोडीच्या पाळीपर्यंत. ती पुढं, तुम्ही मागं. पाण्यावर धुकं आहे. ती न वळता विचारते,

"विरा पान्यात कायले टाकला वो?"

पाहिलं होतं तर तिनं. मी तुम्हाला म्हटलं होतं, एकच. पण तुम्ही रात्रभर गप्प राहिलेले आहात आणि सकाळ झाली आहे, बोलून जाता. आठव्या दिवशी लेकराचं तोंड मिटतं ना, दाईमाय, ते विळ्यावरून येतं. उकळला की नाही येत.

ती काही म्हणत नाही. चालत राहते. पाळीवर आल्यावर थांबते. एका हातानं धानाची गाठ धरली आहे. दुसऱ्या हाताचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर येतो. मग दुसऱ्या. तिसऱ्या. करंगळी संपते. ओठ हलताहेत, माणसांची नावं घेतेय की घरांची, ते ऐकू येत नाही. अंगठा शेजारच्या बोटावर गेला आहे.